पायाखालचे भान : ताई ची हा संथ व्यायाम आणि आपण



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त किंवा खतांच्या मात्रा यांविषयी लिहीत असतो. या वेळी ऊस बाजूला ठेवून ऊस पिकविणाऱ्या माणसाच्या शरीराविषयी आणि मनाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. विषय थोडा परका वाटेल. म्हणून तो आमच्यापर्यंत कसा आला हे आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही विंझरला गेलो होतो. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी मागे टाकली की विंझर येते. हा भाग मूळचा भाताचा. ऊस आहे तो पाण्याची सोय असेल तिथे, तुकड्यातुकड्यांनी. त्यामुळे एका प्लॉटवरून दुसऱ्या प्लॉटवर जायचे म्हणजे खाचराच्या बांधावरून चालणे आलेच. बांध ओला, हातात नोंदवही, आणि डोक्यात गटाचे एकूण क्षेत्र किती भरते याची बेरीज. पाय कधी निसटला ते कळले नाही. उजवा गुडघा पिरगळला, डाव्या मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला.

आमच्या पुढे त्याच बांधावरून सत्तरी गाठलेले एक सभासद अनवाणी, खांद्यावर खोरे टाकून चालले होते. ते मागे फिरले, आम्हाला वर ओढले आणि म्हणाले, "साहेब, पाय बांधावर अन् डोकं कारखान्यात ठेवलं की असंच व्हायचं."

हसण्यावारी नेण्यासारखे वाक्य होते, पण पुढे तेच खरे ठरले. प्लॅस्टर निघाल्यावर पुण्यात ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे आम्ही गुडघ्याच्या व्यायामासाठी जात होतो, त्यांनी शेवटी शेवटी आम्हाला एक निराळाच प्रकार शिकविला. उभे राहायचे, एका पायावरचे वजन अगदी सावकाश दुसऱ्या पायावर न्यायचे, हात वर-खाली करायचे, आणि सगळा वेळ लक्ष तळपायाशी ठेवायचे. हा चीनमधला ताई ची नावाचा व्यायाम आहे असे त्यांनी सांगितले. पहिल्या दिवशी आम्हाला हा पोरखेळ वाटला. तिसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरू लागल्या तेव्हा मत बदलले. आज हा व्यायाम आम्ही नित्य करीत आहोत.

"आम्ही राबतोच की!"

परवा विंझरच्या गट बैठकीत लागणीच्या तारखांचे बोलणे संपल्यावर हा विषय आम्ही काढला. लगेच मागून आवाज आला, "साहेब, व्यायाम बसून खाणाऱ्यांना सांगा. आम्ही उजाडल्यापासून राबतोच की!"

प्रश्न रास्त आहे. श्रमाला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे, तो पाहू.

पहिली गोष्ट, कामात शरीराची एकच बाजू झिजते. खुरपे उजव्या हातात, मोळी बहुधा त्याच खांद्यावर, कोयत्याचा घाव त्याच बाजूने. भातलावणीला आमच्या भगिनी दिवसच्या दिवस कमरेत वाकून असतात. उलट बाजूने कंबर मोकळी करण्याची संधी मिळतच नाही. दुसरी गोष्ट, कामात घाई असते. वीज जायच्या आत पाणी पोहोचवायचे, अंधार पडायच्या आत ट्रॉली भरायची. घाईत श्वास वर छातीत राहतो, खांदे कानाकडे चढतात आणि जबडा आवळला जातो. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. कामात हात चालू असतात, मन दुसरीकडे असते. खुरपताना मन सोसायटीच्या हप्त्यात, दारं धरताना मुलीच्या लग्नात, आणि आमच्यासारख्याचे बांधावर चालताना नोंदवहीत. शरीर थकते, पण मनाला विसावा मिळत नाही. रात्री पाठ टेकली तरी डोळा लागत नाही, त्याचे एक कारण हेही असते.

ताई चीमध्ये या तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. दोन्ही बाजू सारख्या वापरायच्या, घाई अजिबात करायची नाही, आणि जिथे शरीर तिथेच मन ठेवायचे. अवघी पंधरा मिनिटे.

तोल कशाने राहतो?

माणसाचा तोल मुख्यतः तीन आधारांवर असतो. एक डोळे. दुसरा आधार आतल्या कानाचा; तिथल्या नाजूक नळ्यांतील द्रव हलला की डोके कुठे कलले ते मेंदूला समजते. तिसरा आधार तळपाय, घोटे, गुडघे आणि खुबा यांचा. पायाखालची जमीन कशी आहे, सांधा किती वाकला आहे, याची वर्दी तेथून जाते. या तिन्ही वर्द्या जुळवून मेंदू क्षणोक्षणी स्नायूंना हुकूम देतो.

आता रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देणाऱ्या माणसाचा विचार करा. अंधारामुळे डोळ्यांचा आधार अर्धा गेला. बॅटरीचा झोत जिथे पडेल तेवढेच दिसते. चिखल असल्यामुळे पायाची वर्दी मंद झाली. त्यात वय साठच्या पुढे गेले की तिन्ही आधार आपोआप उणे होत जातात आणि मांडीचे स्नायूही आटतात. अशा वेळी मनही जागेवर नसेल तर पडायला निमित्तच पुरते. तरुण माणूस पडला तर कपडे झटकून उठतो. म्हातारा माणूस पडून खुब्याचे हाड मोडले तर त्याचे अंथरूण आणि घरादाराची धावपळ महिनोन् महिने चालते. ऐन हंगामात घरात असे दुखणे आले म्हणजे काय होते, हे पुष्कळ सभासदांनी पाहिले आहे.

यात दिलासा एवढाच की डोळ्यांचा नंबर वाढायचा तो वाढतो, पण पायाची वर्दी आणि मांडीची ताकद ही सरावाने कोणत्याही वयात सुधारता येते.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सत्तरीच्या वरच्या ६७० माणसांवर याची रीतसर पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ही सर्व माणसे मागील वर्षात पडलेली किंवा चालण्यात अधू झालेली होती. त्यांचे तीन गट केले. एका गटाला ताई चीवर बेतलेले व्यायाम, दुसऱ्याला ताकद, तोल व चालण्याचे मिश्र व्यायाम आणि तिसऱ्याला नुसते अंग ताणण्याचे व्यायाम, आठवड्यातून दोन वेळा एकेक तास, असे २४ आठवडे दिले. ताई चीच्या गटात पडण्याचे प्रमाण अंग ताणणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी आणि मिश्र व्यायामाच्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी कमी राहिले. गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवर झालेली दुसरी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत १२ आठवड्यांनंतर ताई चीचा गुण फिजिओथेरपीच्या बरोबरीचा आला, आणि मनाची उदासी कमी होण्यात ताई चीच सरस ठरली.

आपण एखादे नवे बेणे घेताना प्रात्यक्षिक प्लॉट कुठे आहे ते आधी विचारतो. हे दोन आकडे त्यासाठीच दिले.

शेतकऱ्यांच्या गावातून आलेली विद्या

चीनमधील हनान प्रांतात, पीत नदीच्या खोऱ्यात चेनजियागोऊ नावाचे गाव आहे. चेन आडनावाच्या कुळाची तिथे वस्ती आहे. गाव शेतकऱ्यांचे. सतराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे राजगड-तोरण्याच्या मुलखात स्वराज्याची उभारणी चालू होती साधारण त्याच काळात, या गावातील चेन वांगटिंग या लढवय्याने ही विद्या रचली असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुळात ही लढाईची विद्या. समोरून जोर आला तर त्याला जोराने भिडायचे नाही. आपण पायात पक्के राहून तो जोर वळवून द्यायचा, हे तिचे मर्म.

ही विद्या दीर्घकाळ त्या कुळातच राहिली. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान या बाहेरच्या माणसाने ती चेन गावात राहून शिकून घेतली आणि पुढे पेकिंगला नेली. लढाईचे दिवस मागे पडले तशी ती आरोग्यासाठी शिकविली जाऊ लागली. १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने सर्वसामान्य लोकांसाठी २४ हालचालींची एक सुटसुटीत मालिका ठरवून दिली. ती पाच-सहा मिनिटांत पुरी होते. चीनमधील बागांतून पहाटे म्हातारी-कोतारी माणसे जे संथपणे हात फिरविताना चित्रांत दिसतात ते हेच. २०२० साली युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

या विद्येत एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे 'मूळ'. शिकविणारा सांगतो की आधी मूळ धरा, मग हात हलवा. उसाच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. वाढा कितीही जोमदार असला तरी मुळी वरच्यावर राहिली आणि मोठी बांधणी नीट झाली नाही तर पहिल्या वादळी पावसात ऊस लोळतो. सारखे पाणी देऊन पांढरी मुळी गुदमरवली तरी तेच होते. माणसाचेही तसेच आहे. डोके आणि खांदे यांत सगळा जोर साठला आणि पाय पोकळ राहिले की धक्का सोसत नाही. ताई चीतली सुरुवात म्हणूनच नुसत्या उभे राहण्याने होते.

आपल्या मुलखातील जोड

कोणी म्हणेल, चीनपर्यंत कशाला जायचे, आपल्याकडे काय कमी आहे? कमी काहीच नाही. आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगाच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजण्यास सुरुवात केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. ज्यांचे सूर्यनमस्कार चालू आहेत त्यांनी ते मुळीच सोडू नयेत. मात्र ज्यांचा गुडघा जमिनीला टेकत नाही, ज्यांना खाली बसून उठता येत नाही, त्यांच्यासाठी उभ्याने करावयाचा हा संथ प्रकार सोयीचा पडतो.

मनाच्या भागासाठी तर सर्वांत जवळचे उदाहरण इगतपुरीचे आहे. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे झाला. घर व्यापाऱ्याचे. डोकेदुखीने ते इतके हैराण झाले होते की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ संन्यासी नव्हते. सरकारी हिशेब खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते आणि नोकरी सांभाळून विपश्यना शिकवीत. त्यांनी गोएंकांना स्पष्ट सांगितले की नुसते डोके थांबविण्यासाठी येत असाल तर येऊ नका, मन निवळण्यासाठी येत असाल तर या. गोएंकांनी १९५५ साली पहिले शिबिर केले. १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे होऊ लागली. दहा दिवस मौन. आधी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष, मग अंगावर उमटणाऱ्या संवेदनांकडे लक्ष. फी घेत नाहीत. शिबिर केलेल्यांच्या दानावर काम चालते. आपल्या जिल्ह्यात आळंदीजवळ मरकळलाही असे केंद्र आहे.

या साधनेचा जुना आधार बुद्धवचनातील सतिपठ्ठान सुत्त हा आहे. त्यात बसून श्वास पाहण्याबरोबरच चालताना, उभे असताना, वाकताना, हात पसरताना त्या त्या क्रियेचे भान ठेवावे असेही सांगितले आहे. म्हणजे भान ठेवण्यासाठी मांडी घालून बसलेच पाहिजे असे नाही. ताई ची आणि विपश्यना यांची कुळे वेगळी आहेत, दोन्ही एकच असे आम्ही म्हणत नाही. पण शरीर जे करीत आहे त्याच्याशी मन जोडून ठेवायचे, ही गोष्ट दोन्हींत सारखी आहे. हंगामात दहा दिवस घर सोडणे ज्याला शक्य नाही त्यालाही अंगणात पंधरा मिनिटे उभे राहणे शक्य आहे.

करावयाची पद्धत

पहाटे धार काढून झाल्यावर किंवा संध्याकाळी हातपाय धुतल्यावर करावे. जेवणानंतर लगेच करू नये. जागा सपाट व कोरडी असावी. अंगण, खळे, ओटी कोणतीही चालेल. ओल्या फरशीवर किंवा बांधावर करू नये. अनवाणी केल्यास तळपायाला चांगले कळते. ज्यांना तोलाची धास्ती वाटते त्यांनी भिंतीजवळ किंवा जड खुर्चीच्या पाठीला हात लागेल असे उभे राहावे.

(१) उभे राहणे : दोन मिनिटे. पाय खांद्याइतके रुंद, पावले समोर सरळ. गुडघे ताठ ठेवू नयेत, जरासे सैल सोडावेत. माकडहाड खाली सोडावे. डोक्याच्या मध्यावर दोरी बांधून कोणी हलकेच वर धरले आहे असे समजावे. खांदे खाली, जबडा सैल, डोळे उघडे. आता तळपाय पाहावेत, पण डोळ्यांनी नव्हे. टाचेवर वजन किती, चवड्यावर किती, बाहेरच्या कडेवर किती? बहुतेकांना पहिल्या दिवशी कळते की आपण एका पायावर जास्त भार देऊन उभे आहोत. आम्ही डाव्यावर देत होतो.

(२) वजन बदलणे : तीन मिनिटे. सारे वजन हळूहळू उजव्या पायावर न्यावे. डावा पाय रिकामा झाला की क्षणभर थांबावे. मग तसेच डाव्यावर. एका बाजूला जायला चार-पाच अंक मोजण्याइतका वेळ घ्यावा. ताई चीत यास भरलेला पाय व रिकामा पाय म्हणतात. घागरीतले पाणी दुसऱ्या घागरीत न सांडता ओतावे तसे हे व्हावे. अंग वर-खाली होऊ देऊ नये.

(३) हात उचलणे : तीन मिनिटे. श्वास आत घेत दोन्ही हात समोरून खांद्याच्या उंचीपर्यंत वर येऊ द्यावेत, मनगटे सैल. श्वास सोडत हात खाली आणावेत आणि त्याबरोबर गुडघे किंचित वाकवावेत. श्वास ओढूनताणून लांबवू नये. त्याच्या चालीने हातांनी चालावे.

(४) संथ चाल : पाच मिनिटे. सर्व वजन उजव्या पायावर घेऊन डावे पाऊल पुढे टाकावे. आधी फक्त टाच टेकवावी, वजन द्यायचे नाही. जमीन पक्की आहे असे पाऊल सांगेल तेव्हाच हळूहळू वजन पुढे न्यावे. मग मागचा पाय उचलावा. गुडघा नेहमी पावलाच्या दिशेत राहावा, आत वळू देऊ नये, आणि बोटांच्या पुढे जाऊ देऊ नये. पाचसात पावले जाऊन फिरावे.

अंधारात बांधावर जुनी माणसे अशीच चालतात. आम्हाला वर ओढणारे ते सभासद याच रीतीने चालत होते, हे आम्हाला सराव सुरू केल्यावर उमगले. त्यांना ताई चीचे नाव ठाऊक नव्हते, पण त्यांचे पाऊल जमिनीला विचारून पडत होते.

(५) पुन्हा उभे राहणे : दोन मिनिटे. हात पोटावर एकावर एक ठेवून स्वस्थ उभे राहावे.

सबंध वेळ ताकद पुरी लावायची नाही. दहा आण्यांत होते तेथे सोळा आणे खर्चू नयेत. पहिल्या आठवड्यात मांड्या भरतील, ते साहजिक आहे. गुडघ्यात कळ आली तर मात्र कमी वाकावे.

मन पळते तेव्हा

हालचाली आठ दिवसांत येतात. अवघड भाग पुढचा आहे. तिसऱ्या श्वासालाच मन उसाच्या बिलाकडे जाते, टोळीला दिलेल्या उचलीकडे जाते, भावकीच्या बांधाकडे जाते. सभासदांना वाटते की आपल्याला हे जमत नाही. तसे नाही. मन पळाले हे कळणे हाच सराव आहे.

आपण दारं धरतो तेव्हा काय करतो? पाटाचे पाणी चालू असते, कुठेतरी वरंबा फुटतो आणि पाणी शेजारच्या सरीत जाते. तेव्हा कोणी पाण्यावर रागावत नाही. खोऱ्याने ढेकूळ उचलून फुटलेल्या जागी लावायचे आणि पाणी पुन्हा आपल्या सरीत घ्यायचे. दहा वेळा फुटले तर दहा वेळा लावायचे. मनाचेही तेच. पळाले असे कळले की स्वतःला बोल न लावता त्याला परत तळपायाशी आणायचे. महिनाभर असे केल्यावर पाणी फुटणे थांबत नाही, पण फुटलेले लवकर दिसू लागते. आतली शांतता म्हणतात ती आमच्या समजुतीप्रमाणे एवढीच आहे. डोके रिकामे होत नाही. विचार येतात, पण ते आपल्याला ओढून नेत नाहीत.

आम्हाला स्वतःला काय गुण आला? गुडघा बराच मोकळा झाला, जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. झोप पूर्वीपेक्षा बरी लागते. आणि हंगामात तोडणीच्या तारखेवरून कोणी चढ्या आवाजात बोलले तर आमचाही आवाज लगेच चढत असे, तो आता जरा उशिरा चढतो. चढतच नाही असे लिहिले तर विंझर गटातले सभासद हसतील.

कामाच्या जागी तीन श्वास

या व्यायामाचा खरा उपयोग अंगणाबाहेर आहे. पुढील तीन ठिकाणी प्रत्येकाने क्षणभर थांबून, दोन्ही तळपाय जमिनीवर पक्के आहेत हे पाहून, तीन श्वास घ्यावेत आणि मगच हात घालावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

कडबाकुट्टीत वैरण सारण्यापूर्वी. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला हात लावण्यापूर्वी. हात कोरडा आहे का, पायात चप्पल आहे का, पेटीत काही शिरले आहे का, हे त्या तीन श्वासांत दिसते. आणि भरलेल्या ट्रॉलीवर चढण्या-उतरण्यापूर्वी. या तीन जागी होणारे पुष्कळ अपघात अडाणीपणामुळे होत नाहीत. वीस-वीस वर्षे तेच काम केलेल्या माणसाचाही हात जातो, कारण सवयीने हात चालत असतो आणि मन तेथे नसते. तीन श्वासांना अर्धे मिनिटही लागत नाही. गेलेली बोटे कोणत्याही विम्याने परत येत नाहीत.

कोणी जपावे

हा व्यायाम सौम्य असला तरी काही पथ्ये आहेत. चक्कर येणारे, नुकतेच ऑपरेशन झालेले, हाडे ठिसूळ झाली आहेत असे डॉक्टरांनी सांगितलेले, तसेच गरोदर भगिनी यांनी डॉक्टरांना विचारून व आधार धरून करावा. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा हृदयाच्या गोळ्या यामुळे बंद करू नयेत. ज्याच्या मनावर कर्जाचे किंवा घरातील दुःखाचे ओझे फार झाले आहे, झोप-जेवण सुटले आहे, त्याने नुसत्या व्यायामावर विसंबू नये. घरच्यांशी बोलावे आणि डॉक्टरांकडे जावे. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. तांबेरा दिसला तर आपण तज्ज्ञाला दाखवितोच ना?

शेवटी एक गोष्ट उघड सांगतो. या व्यायामाने एकरी टनेज वाढणार नाही, उतारा वाढणार नाही, की बिल आठ दिवस आधी मिळणार नाही. त्या गोष्टींसाठी भांडायचे ते आपण योग्य ठिकाणी भांडूच. पण ज्या पायांवर हे सगळे उभे आहे त्यांच्याकडे दिवसातून पंधरा मिनिटे लक्ष द्यायला हरकत नसावी.

भातलावण्या आता उरकल्या आहेत, हंगामाला अजून अवकाश आहे. सुरुवात करण्यास हे दिवस चांगले. विंझर गटाच्या पुढील बैठकीनंतर ज्यांची इच्छा असेल त्यांनी दहा मिनिटे थांबावे. वरील पाच प्रकार आम्ही करून दाखवू. घरातील वडीलधाऱ्यांना आणि भगिनींना सोबत आणावे. ज्या सभासदांनी आम्हाला खाचरातून वर काढले त्यांनी येण्याचे कबूल केले आहे. त्यांची अट एकच आहे : चालायचे कसे ते ते शिकवतील, आम्ही फक्त नाव सांगायचे.

कळावे,
ऊस विकास अधिकारी